नायजरचा वाटसरू : मंगो पार्क

(द्वितीय वर्ष, कला)

एकाच माणसाने एकाच नदीच्या शोधात दोन वेळा प्रवास केला. पहिल्या वेळी तो जवळजवळ एकटा होता. वाटेत त्याचे सामान लुटले गेले, घोडा गेला, अंगावरचे कपडेही चोरांनी उतरवून घेतले. आणि तरीही तो जिवंत परत आला. दुसऱ्या वेळी त्याच्याबरोबर बंदूकधारी सैनिक होते, सरकारचा पैसा होता, स्वतःला कप्तानाचा हुद्दा होता. त्या वेळी मात्र तो परतला नाही, आणि त्याच्याबरोबर निघालेल्या गोऱ्या माणसांपैकी एकही परतला नाही.

असे का व्हावे? ज्याच्याजवळ काहीच नव्हते तो वाचला आणि ज्याच्याजवळ सर्व काही होते तो बुडाला, याचे कारण काय? परक्या मुलखात माणसाला सुरक्षित ठेवते ते नेमके काय? मंगो पार्कचे चरित्र वाचताना हा प्रश्न पानोपानी समोर उभा राहतो. पश्चिम आफ्रिकेच्या प्रवासाविषयी पुष्कळांनी पुष्कळ लिहिले आहे; पण या एका माणसाच्या दोन प्रवासांत जेवढा धडा आहे तेवढा क्वचितच दुसरीकडे सापडेल.

मंगो पार्कचा जन्म सप्टेंबर १७७१ मध्ये स्कॉटलंडमधील सेल्कर्क गावाजवळ, यॅरो नदीकाठच्या फाउलशील्स येथे झाला. वडील शेतकरी, पण जमीन स्वतःची नव्हती, एका मोठ्या सरदाराची कुळवहिवाटीने कसत होते. घरात तेरा भावंडे आणि मंगो त्यांतला सातवा. एवढ्या मोठ्या कुटुंबात एका मुलाच्या शिक्षणासाठी पैसा बाजूला काढणे म्हणजे काय असते, हे आमच्यासारख्या शेतकऱ्याच्या घरातून प्रथमच कॉलेजात आलेल्यांना समजावून सांगावे लागत नाही. मुलाने धर्मोपदेशक व्हावे अशी घरच्यांची इच्छा होती. मुलाने मात्र वैद्यकी पसंत केली. वयाच्या चौदाव्या-पंधराव्या वर्षी तो सेल्कर्कमधील थॉमस अँडरसन नावाच्या शल्यवैद्याकडे उमेदवारी करू लागला आणि १७८८ च्या सुमारास एडिंबरो विद्यापीठात दाखल झाला. तेथे वैद्यकाबरोबर वनस्पतिशास्त्राची गोडी त्याला लागली. पानाफुलांकडे, गवता-शेवाळाकडे बारकाईने पाहण्याची ही सवय पुढे एका दिवशी त्याचा जीव वाचवणार होती.

त्याचा मेहुणा जेम्स डिक्सन लंडनमध्ये बी-बियाणांचा व्यापारी आणि वनस्पतींचा चांगला जाणकार होता. त्याच्या ओळखीने सर जोसेफ बँक्स या त्या काळच्या बड्या शास्त्रज्ञाशी पार्कचा परिचय झाला. बँक्सच्या शिफारशीने १७९३ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजावर साहाय्यक शल्यवैद्य म्हणून तो सुमात्राला जाऊन आला. तेथून परतल्यावर त्याने आठ नव्या जातींच्या माशांवर एक निबंध लिहिला. हा तरुण निरीक्षण करतो, टिपून ठेवतो आणि फुगवून सांगत नाही, हे बँक्सच्या ध्यानात आले.

त्या वेळी युरोपला आफ्रिकेचा किनारा ठाऊक होता. पण आतला मुलूख म्हणजे नकाशावरची कोरी जागा होती. नायजर नावाची एक मोठी नदी आत कुठेतरी वाहते, हे ऐकून माहीत होते. पण ती पूर्वेला वाहते की पश्चिमेला, आणि अखेर कोठे जाते, यावर विद्वानांत एकमत नव्हते. ज्या लक्षावधी लोकांची गुरे त्या नदीवर पाणी पीत होती त्यांना तिची दिशा पक्की ठाऊक होती, हे येथे सांगितलेच पाहिजे. प्रश्न युरोपच्या अज्ञानाचा होता. हे अज्ञान दूर करण्यासाठी, आणि त्याबरोबर व्यापाराचा नवा रस्ता शोधण्यासाठी, १७८८ मध्ये लंडनमध्ये आफ्रिकन असोसिएशन ही संस्था स्थापन झाली. संस्थेने पाठविलेला मेजर डॅनियल हॉटन १७९१ मध्ये सहाराच्या कडेला लुटला जाऊन मृत्यू पावला. त्याच्या जागी जाण्याची तयारी पार्कने दाखविली. त्याचे वय तेव्हा तेवीसच्या आसपास होते.

२२ मे १७९५ रोजी तो पोर्टस्मथहून निघाला आणि महिन्याभरात गँबिया नदीच्या मुखाशी पोचला. नदीने आत पिसानिया येथे इंग्रजांची एक व्यापारी वखार होती. तेथे डॉ. लेडली यांच्या घरी तो पाच महिने राहिला. हे पाच महिने आळसात गेले नाहीत. त्याला ताप आला, अंथरूण धरावे लागले. पण याच काळात तो मांडिंगो भाषा शिकला. ज्या लोकांतून जायचे त्यांची भाषा आधी शिकायची, ही त्याची पहिली शहाणपणाची गोष्ट. दुसरी गोष्ट अशी, की पावसाळा संपेपर्यंत तो थांबला.

२ डिसेंबर १७९५ रोजी पार्क पिसानियाहून निघाला. बरोबर दोनच माणसे होती. एक जॉन्सन नावाचा दुभाष्या. हा मांडिंगो गृहस्थ गुलाम म्हणून जमेकाला नेला गेला होता, पुढे मुक्त होऊन इंग्लंडमध्ये राहिला आणि शेवटी मायदेशी परतला होता. दुसरा डेंबा नावाचा चलाख मुलगा. तो डॉ. लेडलींचा गुलाम होता आणि नीट काम केले तर मुक्त करू असे वचन त्याला दिलेले होते. सामान म्हणजे एक घोडा, दोन गाढवे, मणी, अंबर आणि तंबाखू, एक छत्री, होकायंत्र, सेक्स्टंट, दोन बंदुका आणि पिस्तुले. एवढ्यावर तो अनोळखी मुलखात शिरला.

त्या मुलखात राज्ये होती, राजे होते, जकातीची नाकी होती, बाजारपेठा होत्या. वाटसरूने प्रत्येक राज्यात शिरताना राजाची परवानगी घ्यायची, नजराणा द्यायचा, जकात भरायची, अशी तेथली रीत होती. पार्कने ती बहुतेक ठिकाणी पाळली. बोंडूच्या राजाला छत्रीचे फार कौतुक वाटले, तेव्हा पार्कने ती दिली. मग राजाला त्याचा पिवळ्या बटणांचा निळा कोट आवडला. तोही अंगातून काढून द्यावा लागला. पुढे काजागा राज्यात जकात न भरता शिरल्याचा ठपका ठेवून राजाच्या माणसांनी त्याचे निम्मे सामान काढून घेतले.

त्याच गावातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. सामान गेल्यामुळे आणि उरलेले दाखविण्याची भीती असल्यामुळे पार्क आणि त्याचे सोबती दिवसभर उपाशी होते. संध्याकाळी डोक्यावर टोपली घेतलेली एक म्हातारी तेथून जात होती. ती कोणाची तरी गुलाम होती. जेवलास का, असे तिने विचारले. डेंबाने खरी हकीकत सांगितली. तिने टोपली खाली ठेवली, ओंजळीने भुईमुगाच्या शेंगा पार्कला दिल्या आणि तो आभार मानण्यापूर्वीच ती निघूनही गेली. जिचे स्वतःचे शरीरही स्वतःच्या मालकीचे नव्हते तिने परक्या माणसाची भूक ओळखली. पार्कच्या सुरक्षिततेची खरी शिदोरी कोणती होती, हे या ओंजळीत दिसते.

१७९६ च्या मार्चमध्ये त्याच्यावर मोठे संकट आले. लुडामार या प्रदेशाचा मूर सरदार अली याच्या माणसांनी त्याला पकडून बेनाउमच्या छावणीत नेले. सुमारे चार महिने तो कैदेत होता. त्याच्या झोपडीजवळ मुद्दाम एक डुक्कर बांधून ठेवले होते. अन्न नावापुरते मिळे आणि उन्हाळ्यात पाण्यासाठी जीव कासावीस होई. एका रात्री तो पाणी मागत विहिरीपाशी गेला, तेव्हा ख्रिस्ती माणसाच्या तोंडाने बादली विटाळेल म्हणून एका म्हाताऱ्याने पाणी गुरांच्या डोणीत ओतले. तीन गायी तेथे आधीच पीत होत्या. पार्कने त्यांच्यामध्ये डोके घालून तहान भागविली. विटाळ म्हणजे काय, हे भारतीय वाचकाला वेगळे सांगण्याची गरज नाही.

या कैदेत पार्कने शस्त्र उचलले नाही. तो चिडला नाही, अपमान गिळत राहिला आणि संधीची वाट पाहत राहिला. परंतु याच काळात अलीने डेंबाला त्याच्यापासून हिरावून घेतले. पार्कने विनवण्या केल्या, त्यांचा उपयोग झाला नाही. त्या मुलाचा निरोप घेताना पार्कला अश्रू आवरले नाहीत. जॉन्सनही पुढे यायला तयार नव्हता. त्याला आपल्या घरी, बायकामुलांकडे परतायचे होते. जुलैच्या आरंभी पहाटेच्या वेळी पहारेकरी झोपेत असताना पार्क एकटाच निसटला. जवळ एक मरतुकडा घोडा आणि वाळूत पुरून लपवून ठेवलेले होकायंत्र एवढेच होते. वाळवंटात तहानेने तो बेशुद्ध होऊन पडला. रात्री पाऊस आला. त्याने अंगावरचे कपडे पसरले आणि ते पिळून, चोखून पाणी मिळविले.

२० जुलै १७९६ च्या सुमारास, सेगू शहराजवळ, पार्कला नायजर दिसली. सकाळच्या उन्हात चमकणारी ती रुंद नदी संथपणे पूर्वेकडे वाहत होती. तो काठावर धावत गेला, पाणी प्याला आणि त्याने देवाचे आभार मानले. नदीच्या दिशेचा युरोपातील वाद तेथे संपला.

पण सेगूचा राजा मानसाँग याने त्याला शहरात येऊ दिले नाही. एका खेड्यात जाऊन थांब, असा निरोप आला. त्या खेड्यात कोणी त्याला दाराशी उभे करीना. दिवसभर तो झाडाखाली उपाशी बसून राहिला. संध्याकाळी वादळाची चिन्हे दिसू लागली, आणि वन्य पशूंच्या भीतीने झाडावर चढून रात्र काढावी असे तो मनाशी ठरवीत होता. इतक्यात शेतातून काम करून परतणारी एक बाई तेथे थांबली. तिने त्याची चौकशी केली, त्याचे खोगीर आणि लगाम स्वतः उचलले आणि त्याला आपल्या झोपडीत नेले. दिवा लावला, चटई अंथरली, मासा भाजून वाढला. मग घरातल्या बायका रात्री उशिरापर्यंत सूत कातत बसल्या आणि कातता कातता त्यांनी त्या पाहुण्यावरच गाणे रचून म्हटले. आईपासून दूर आलेल्या, दूध देणारी आई नाही आणि दळण दळणारी बायको नाही अशा गोऱ्या माणसाची त्यात कीव केलेली होती. सकाळी पार्कने तिला आपल्या बंडीवरची चार पितळी बटणे उरली होती त्यांतली दोन दिली. देण्यासारखे त्याच्याजवळ तेवढेच होते.

मानसाँगने मागाहून पाच हजार कवड्या आणि एक वाटाड्या पाठविला. शंभर कवड्यांत एका माणसाचे आणि घोड्याचे दिवसाचे भागत असे, तेव्हा ही देणगी काही लहान नव्हती. या वाटसरूला आपल्या शहरात मूर लोकांपासून सांभाळणे आपल्याला जमणार नाही, हे ओळखून त्या राजाने त्याला मानाने वाटेला लावले, असा पार्कचा तर्क होता.

नदीच्या काठाने थोडे पुढे सिल्ला गावापर्यंत जाऊन पार्क मागे फिरला. पाऊस सुरू झाला होता, घोडा थकला होता, पुढे मूरांची सत्ता होती आणि आपण मेलो तर मिळविलेले सारे ज्ञान आपल्याबरोबरच मातीत जाईल, हा विचार त्याने केला. मला वाटते, पहिल्या प्रवासातला हा सर्वांत धैर्याचा क्षण आहे. पुढे जाण्यासाठी धैर्य लागते हे सर्वांना कळते. कोठे थांबायचे हे ओळखून परत फिरायलाही ते लागते.

परतीच्या वाटेवर ऑगस्टमध्ये लुटारूंनी त्याला गाठले. घोडा, होकायंत्र, कपडे, सर्व गेले. शेवटी त्यांनी एक सदरा, विजार आणि टोपी परत दिली. टोपीच्या आत त्याने टिपणे खोचून ठेवली होती. भर पावसाळ्यात, किनाऱ्यापासून शेकडो मैल दूर, तो रानात खाली बसला. आता मरणच उरले असे त्याला वाटले. त्याच वेळी त्याची नजर जमिनीवरच्या एका इवल्याशा शेवाळाकडे गेली. बोटाच्या टोकाएवढे ते झाड, पण त्याची मुळे, पाने आणि बोंडे किती नाजूक आणि पूर्ण होती! या ओसाड जागी ज्याने एवढ्याशा जिवाची काळजी घेतली तो आपल्याला कसा विसरेल, असा विचार येऊन तो उठला आणि चालू लागला. जवळच्या सिबिडुलू गावच्या प्रमुखाने हकीकत ऐकून घेतली, माणसे पाठविली आणि काही दिवसांत त्याचा घोडा आणि कपडे परत मिळवून दिले. परक्या माणसाला आपल्या हद्दीत लुटणे हा त्या प्रमुखाला स्वतःचा अपमान वाटला.

सप्टेंबरमध्ये तापाने खंगलेला पार्क कामालिया गावी कार्फा तौरा नावाच्या व्यापाऱ्याच्या दारी पोचला. त्याचा अवतार पाहून, हा गोरा माणूस नव्हेच, असे कोणी म्हणू लागले. कार्फाजवळ कोठून तरी आलेले एक इंग्रजी प्रार्थनेचे पुस्तक होते. ते याला वाचता येते हे पाहून त्याची खात्री पटली. त्याने पार्कला सात महिने घरी ठेवले, खाऊ घातले, आजारात जपले. किनाऱ्याला पोचल्यावर एका गुलामाची किंमत द्यावी, एवढेच त्याचे मागणे होते. गुलामाची किंमत हे माप का, तर कार्फा गुलामांचा व्यापारी होता.

येथे हे चरित्र अवघड होते, आणि ते अवघडपण टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही. १९ एप्रिल १७९७ रोजी पार्क ज्या तांड्याबरोबर सुरक्षितपणे निघाला तो बेड्या घातलेल्या गुलामांचा तांडा होता. त्या तांड्यात नीली नावाची एक स्त्री होती. वाटेत मधमाश्यांनी तिला फोडून काढले, तिला चालवेना. काही काळ तिला उचलून नेले, गाढवावर बांधले, आणि अखेर रानातल्या वाटेवर टाकून तांडा पुढे गेला. रात्री तिला जनावरांनी खाल्ले असावे, असे सर्वांनी मानले. ज्या तांड्याने पार्कला वाचविले त्याच तांड्याने तिला मारले. पार्कने ही हकीकत लपविली नाही. तीच आज आपल्याला तिचे नाव सांगते. पण त्याने पुढे लिहिलेल्या पुस्तकात गुलामीच्या व्यापाराविरुद्ध ठाम आवाज उठविला नाही; तो व्यापार बंद करून फार लाभ होईल असे आपल्याला वाटत नाही, अशा अर्थाचे मत त्याने मांडले. म्हातारीच्या शेंगा खाल्लेल्या, डेंबासाठी डोळे भरून आलेल्या माणसाने असे लिहावे, याचे वाईट वाटते.

१० जून १७९७ रोजी तो पिसानियाला पोचला. कार्फाला त्याने कबूल केल्याच्या दुप्पट रक्कम दिली. डेंबा आणि जॉन्सन परत आलेले नव्हते. गुलाम घेऊन जाणाऱ्या एका अमेरिकन जहाजावर शल्यवैद्याचे काम करीत तो वेस्ट इंडीजमध्ये अँटिग्वाला गेला आणि तेथून २२ डिसेंबर रोजी इंग्लंडच्या किनाऱ्याला लागला. तो मेला असेच सर्वांनी धरले होते. १७९९ मध्ये त्याचे प्रवासवर्णन प्रसिद्ध झाले आणि तो एका दिवसात नावारूपाला आला. त्या पुस्तकासाठी नकाशा आणि भूगोलाचे टिपण तयार केले ते मेजर जेम्स रेनेल याने. बंगालची मोजणी करून नकाशे काढणारा तो हाच रेनेल.

त्याच वर्षी पार्कने आपल्या गुरूच्या मुलीशी, ॲलिसन अँडरसनशी, लग्न केले आणि पुढे पीबल्स येथे दवाखाना घातला. कादंबरीकार वॉल्टर स्कॉट त्याचा मित्र झाला. घर होते, मुले होती, मान होता. पण स्कॉटलंडच्या टेकड्यांतून थंडीवाऱ्यात रोगी पाहत घोड्यावरून हिंडणे त्याला जड जाऊ लागले. नदी पूर्वेला वाहते हे कळले, पण ती जाते कोठे? ती पुढे काँगो होऊन समुद्राला मिळत असावी, असे त्याला वाटू लागले. १८०३ मध्ये सरकारकडून विचारणा झाली आणि त्याने होकार दिला. तयारीसाठी मोरोक्कोच्या एका गृहस्थाला घरी ठेवून त्याने अरबीचा अभ्यास केला.

१८०५ च्या जानेवारीअखेर तो निघाला. बरोबर मेहुणा अलेक्झांडर अँडरसन आणि चित्रकार जॉर्ज स्कॉट होते. सेनेगलच्या किनाऱ्यावरील बेटातल्या इंग्रज ठाण्यावरून लेफ्टनंट मार्टिन आणि पस्तीस सैनिक घेतले. शिवाय सुतार आणि खलाशी. एकूण चाळीसहून अधिक युरोपीय. सैनिकांना दुप्पट पगार आणि परतल्यावर नोकरीतून सुटका, असे आमिष होते. किनाऱ्यावरचा एकही आफ्रिकी माणूस मात्र या लष्करात यायला तयार होईना. अखेर इसाको नावाचा मांडिंगो व्यापारी वाटाड्या म्हणून मिळाला. स्थानिक माणसे यायला नकार देतात याचाच काही अर्थ असतो. पण तो कोणी लक्षात घेतला नाही.

तयारीत उशीर झाला होता. पावसाळा तोंडावर आला होता. पहिल्या प्रवासात पाच महिने थांबणारा पार्क या वेळी थांबला नाही. एप्रिलअखेर तांडा निघाला आणि जूनमध्ये पावसाने त्याला वाटेतच गाठले. मग ताप आणि हगवण. दररोज कोणी ना कोणी मागे पडू लागला. मालाने लादलेली गाढवे चिखलात बसत, चोर दोन्ही बाजूंनी येऊन हाताला लागेल ते नेत. पार्क आजाऱ्यांना स्वतःच्या घोड्यावर बसवी, नदीतून पाठीवर सामान नेई. त्याच्या वैयक्तिक धैर्याला तोड नव्हती. पण त्या धैर्याने एकही ताप उतरला नाही. १९ ऑगस्ट रोजी बामाकोजवळ पुन्हा नायजर दिसली तेव्हा युरोपीयांपैकी सुमारे अकराच जिवंत होते.

मानसाँगने या खेपेलाही नदीने जाण्याची परवानगी दिली. सान्सान्डिंगच्या बाजारात पार्कने दुकान थाटून माल विकला. एका बाजारच्या दिवशी पंचवीस हजारांवर कवड्या जमल्या, आणि तेथल्या व्यापाऱ्यांच्या डोळ्यांत तो सलू लागला. ऑक्टोबरअखेर मेहुणा अँडरसन वारला. दोन जुन्या होड्यांचे तुकडे जोडून पार्कने चाळीस फूट लांबीची नाव बांधली आणि तिला नदीचेच स्थानिक नाव दिले, जोलिबा. नोव्हेंबरमध्ये पत्नीला आणि सरकारला शेवटची पत्रे लिहून ती इसाकोबरोबर त्याने परत पाठविली. आता पार्क, मार्टिन, तीन सैनिक (त्यांतल्या एकाला वेड लागले होते), वाटाड्या अमादी फातूमा आणि तीन गुलाम, एवढीच माणसे उरली.

यानंतरची हकीकत मुख्यतः अमादी फातूमाने काही वर्षांनी इसाकोला सांगितली, म्हणून जगाला कळली. पार्कने आता काठाला लागायचेच नाही असे ठरविले होते. परवानगी नाही, नजराणा नाही, जकात नाही. जवळ येणाऱ्या होड्यांवर गोळीबार होई. होड्यांतली माणसे हल्ल्याला येत होती की जकात मागायला की नुसती विचारपूस करायला, हे पाहण्याइतका वेळ बंदूक देत नाही. एकदा इतकी माणसे मेली, की अमादीने मार्टिनचा हात धरून गोळीबार थांबविण्याची विनवणी केली. मार्टिन त्याच्याच अंगावर धावून गेला. पार्क मध्ये पडला म्हणून अमादी वाचला. त्या मेलेल्या माणसांची नावे कोणत्याही पुस्तकात नाहीत. तीही कोणाच्या तरी घरची माणसे होती. कदाचित सूत कातता कातता पाहुण्यावर गाणे रचणाऱ्या घरांतलीच.

नाव हजारो मैलांच्या या नदीने जेने आणि टिंबक्टू मागे टाकून आजच्या नायजेरियात पोचली. याउरी येथे अमादीचा करार संपला आणि तो उतरला. त्याच्या सांगण्याप्रमाणे राजासाठी दिलेला नजराणा मधल्या अधिकाऱ्याने राजाला पोचविलाच नाही आणि राजा संतापला. बुसा येथे नदी खडकांतून अरुंद होऊन वाहते. तेथे काठावरच्या लोकांनी भाले, बाण आणि दगडांचा वर्षाव केला. नाव अडकली. पार्क आणि मार्टिन यांनी पाण्यात उड्या घेतल्या आणि ते बुडाले. हे १८०६ च्या आरंभी घडले असावे. पार्क चौतीस वर्षांचा होता. नावेतला एक गुलाम तेवढा वाचला.

बुसाच्या लोकांनी असे का केले, याची वेगवेगळी कारणे पुढे सांगितली गेली. परंतु वरच्या अंगाने गोळीबार करीत येणाऱ्या नावेची खबर खालच्या अंगाला तिच्याआधी पोचली असेल, तर नवल नाही. पहिल्या प्रवासात एका गावचा वाटाड्या पुढच्या गावापर्यंत पोचवी आणि एका राजाचा शब्द दुसऱ्या राजाकडे नेई. भल्या माणसाची वार्ता पुढे जाते, तशी बंदुकीचीही जाते.

त्याचा मुलगा थॉमस वडील जिवंत असतील या आशेने १८२७ मध्ये गोल्ड कोस्टवर, म्हणजे आजच्या घानात, उतरला आणि आतल्या भागात थोडेसे जाताच मरण पावला. १८३० मध्ये रिचर्ड लँडर आणि त्याचा भाऊ यांनी नायजरचा शेवट शोधून काढला. ती गिनीच्या आखातात समुद्राला मिळते. ज्या बुसाच्या खडकांत पार्क बुडाला ते ठिकाण १९६८ मध्ये पूर्ण झालेल्या काइन्जी धरणाच्या पाण्याखाली गेले आहे. आणि या शोधकांच्या मागोमाग व्यापारी, व्यापाऱ्यांमागोमाग पलटणी आल्या, हेही इतिहासात नोंदलेले आहे. पार्कच्या दुसऱ्या प्रवासात ती पलटण त्याच्याबरोबरच होती, एवढाच फरक.

ताप कोणत्या कारणाने येतो हे पार्कच्या काळात कोणालाच माहीत नव्हते. १८५४ मध्ये डॉ. बेकी यांनी नायजर आणि बेन्वे नद्यांवरील सफरीत आपल्या माणसांना रोज क्विनाइन दिले आणि त्यांच्या गोऱ्या माणसांपैकी एकही तापाने दगावला नाही. पुढे १८९७ मध्ये आपल्याच देशात, सिकंदराबाद येथे, रोनाल्ड रॉस यांनी डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू पाहिले. आज पश्चिम आफ्रिकेत जाणारा माणूस पीतज्वराची लस टोचून घेतो, हिवतापाच्या गोळ्या घेतो आणि मच्छरदाणीत झोपतो. पार्कच्या चाळीस माणसांपैकी कितीतरी एवढ्यानेच वाचली असती. तेव्हा सगळा दोष बंदुकीच्या माथी मारणे न्यायाचे नाही. पावसाळा आणि डास यांनी पहिला घाव घातला.

आजही त्या मुलखातले सगळे रस्ते निर्धोक नाहीत. २०१२ पासून मालीमध्ये सशस्त्र संघर्षाने गावेच्या गावे उठली आहेत. तेथे नुसत्या चांगुलपणावर विसंबून जावे, असे कोणी सुचविणार नाही. पार्कही पहिल्या खेपेला केवळ चांगुलपणावर विसंबला नव्हता. तो भाषा शिकला, ऋतू पाहून निघाला, हद्दीवर परवानगी मागितली, अपमान सोसला आणि वेळेवर मागे फिरला. दुसऱ्या खेपेला त्याने यांतले बहुतेक सोडले. कारण या वेळी त्याला वाटले, की आपल्याला कोणाची गरज नाही.

मला पार्कच्या शौर्यापेक्षा त्याच्या शिरावरचे ऋण मोठे वाटते. शेंगांची ओंजळ देणारी म्हातारी, झोपडीत नेणारी ती बाई, सिबिडुलूचा प्रमुख, जॉन्सन, डेंबा, इसाको, अमादी फातूमा. यांतले एकजण जरी नसते तरी नायजरच्या शोधाची गोष्ट अर्ध्या वाटेवर संपली असती. इतिहासाच्या पुस्तकात शोधक म्हणून पार्कचे नाव येते, आणि ते यावेच. पण त्या बाईचे नाव मात्र पार्कनेही विचारून ठेवले नाही. तिच्या हातात राहिली ती दोन पितळी बटणे.